आर्थर-सानांच्या आईच्या हातचं

सुप्रभाची आणि आर्थर-सानांची ओळख झाली ती कचऱ्यामुळे. जपानात पुष्कळ ओळखी अशाच होतात. कोबेला येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. नवरा, चंद्रहास, सॉफ्टवेअरच्या नोकरीला सकाळी ओसाकाची गाडी पकडून जायचा तो दिवेलागणीनंतर कधीतरी उगवायचा, लेक नुपूर बालवाडीत, आणि नारळाची करवंटी जळणाऱ्या कचऱ्यात टाकायची की न जळणाऱ्या, हे विचारायला घरात कुणी नव्हतं. तिने ती जळणाऱ्यात टाकली. साताऱ्याला तिच्या माहेरी करवंट्यांवर अख्खा बंब तापायचा. त्या जळत नाहीत म्हणणारे हे कोण लागून गेले? दुसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरचा एक उंच, जरासा वाकलेला, झुबकेदार पांढऱ्या भुवयांचा गोरा म्हातारा तिची पिशवी हातात घेऊन उभा होता. पिशवीवर नगरपालिकेची चिठ्ठी डकवलेली.

"तुझं काही चुकलेलं नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "पण इथे आपलं बरोबर असून भागत नाही."

तिथून येणं-जाणं सुरू झालं. सत्तरीच्या माणसाला नुसतं 'आर्थर' म्हणायला सुप्रभाची जीभ रेटेना, आणि 'अंकल' म्हटलं की ते भुवया उडवायचे. शेवटी जपानी 'सान' मदतीला धावून आलं. आर्थर-सान मूळचे इंग्लंडातल्या यॉर्कशायरचे. बंदरात आलेल्या जहाजांची मोडतोड तपासायला तरुणपणी कोबेला आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांची बायको मार्जी मात्र अमेरिकेची, ओहायोची. ती घरी जपानी बायकांना इंग्रजी शिकवायची. दोघांचं लग्न उशिरा झालेलं, मूलबाळ नाही. नुपूर त्यांना 'ओजीचान' म्हणजे आजोबा म्हणायची, आणि त्यांच्याशी जपानीत बोलायची. आईशीही ती जपानीतच बोलायची म्हणा, पण आईला त्याचा राग यायचा आणि आर्थर-सानांना हसू.

गच्चीवर कपडे वाळत घालायला सुप्रभा गेली की आर्थर-सान खुर्ची टाकून बसलेले असत. खाली उतारावरची घरं, त्यापलीकडे बंदरातल्या क्रेन. आणि गप्पा कसल्या, तर खाण्याच्या. सुप्रभा मांसाहारी नाही, अंड्यापलीकडे तिची मजल नाही, तरी हा माणूस तिला आपल्या आईच्या रविवारच्या जेवणाबद्दल सांगायचा. कदाचित ती खाणार नाही म्हणूनच सांगत असावा.

"आई चर्चला जाण्याआधी मांसाचा मोठा तुकडा भट्टीत ठेवून जायची," ते सांगत. "आम्ही परत यायचो तेव्हा गल्लीभर वास. मग बटाटे, त्याच चरबीत खरपूस भाजलेले. पार्सनिप म्हणून एक कंद, पांढऱ्या गाजरासारखा. आणि यॉर्कशायर पुडिंग. ते गोड नसतं हं! अंडं, दूध, मैदा फेटायचं, कडकडीत तापलेल्या चरबीत ओतायचं आणि भट्टीचं दार लावायचं. दार उघडलं की मेलीस."

"का?"

"फुगलेलं बसतं. नाही उघडलं तर असं टम्म वर येतं आणि मधोमध खळगा. त्या खळग्यात ग्रेव्ही. आणि आई ते सगळ्यांत आधी वाढायची, नुसतं. त्याने पोटं भरली की मांस कमी लागायचं. आम्ही सहा भावंडं होतो."

सुप्रभाला हे फार आवडलं. तिच्या आजोळीही पाहुणे आले की आधी वरणभाताचे डोंगर रचत, पुरणपोळी मागून. "मार्जी-सान करतात ना हे दर रविवारी?" तिने विचारलं. दर रविवारी वरून भाजल्याचा वास यायचा, तो तिच्या ओळखीचा झाला होता.

आर्थर-सानांनी जिन्याकडे एकदा बघून घेतलं. "मार्जी करते ते अमेरिकन. छान असतं," ते म्हणाले. आणि मग आवाज उतरवून: "मांस शिजून शिजून पार मऊ. बटाट्यांचा लगदा. आणि रताळी. रताळ्यांवर साखरेचे मऊ पांढरे गोळे ठेवून ते वितळवतात."

"रताळ्यावर?" सुप्रभाच्या डोळ्यांसमोर उपासाचा कीस आला. "मग तुम्ही सांगितलं का नाहीत त्यांना?"

"पहिल्या रविवारी सांगायला हवं होतं. पण पहिल्या रविवारी ती इतकी खूश होती गं. आणि दुसऱ्या रविवारपर्यंत उशीर झाला होता."

असं करत करत बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षं हा माणूस दर रविवारी ताट पुसून खात होता आणि 'लव्हली' म्हणत होता. सुप्रभाने त्या दिवशी हे चंद्रहासला सांगितलं. चंद्रहास आमटीभात खात होता. आमटी चांगली की वाईट हे त्याने लग्नापासून आजवर एकदाही सांगितलेलं नव्हतं.

"सेफ आहे ते," तो म्हणाला. "बग रिपोर्ट केला की फिक्सही आपल्याच गळ्यात पडतो."

"आणि तुझं काय? तुला तर बगही दिसत नाही आणि फीचरही."

"मी मागून घेतो की अजून. तेच फीडबॅक."

नवऱ्याचं हे असं. पण सुप्रभाला वाटत राहिलं, की खोटं का होईना, रोज 'छान' म्हणणारा माणूस घरात असणं वाईट नाही.

पुढल्या वर्षी थंडीत आर्थर-सानांच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि कॅन्सर निघाला. ऑपरेशन करण्यापलीकडे गेलेला. मग किमो. उंच माणूस बघता बघता हडकला, भुवयाही गळल्या, आणि त्या गेल्यावर त्यांचा चेहरा कुणा दुसऱ्याचाच वाटायला लागला. मार्जी-सान रोज घरून सूप करून डब्यात भरून हॉस्पिटलात नेत आणि डबा जवळजवळ तसाच परत आणत. जिन्यात भेटल्या की झाकण उघडून दाखवत, "आज दोन चमचे घेतले."

सुप्रभा दर दोन दिवसांनी भेटायला जायची. तिच्या जिवाला त्यात एक आपलीही टोचणी होती. कोबेला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तिचे वडील साताऱ्याला वारले. फोन आला, तिकीट मिळेपर्यंत, विमान बदलून पुण्याला उतरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आजारात वडिलांनी आईजवळ म्हटलं होतं, सुप्रभाच्या हातची मुगाची खिचडी खावीशी वाटते. आईने केली, पण ते म्हणाले, ही तिची नाही. ही गोष्ट आईने तिला अगदी सहज सांगितली, आणि ती तिच्या मनातून कधीच गेली नाही. कुणी काही खायला मागितलं आणि ते त्याला मिळालं नाही, याएवढं वाईट जगात काही नाही असं तिला तेव्हापासून वाटत आलं होतं.

आणि एका दुपारी मार्जी-सान तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नाकाचा शेंडा लाल.

"त्याने तुला काय काय सांगितलंय ते सगळं मला सांग," त्या म्हणाल्या. "त्याच्या आईच्या जेवणाबद्दल."

सुप्रभाने त्यांना बसवलं, चहा टाकला. हळूहळू कळलं ते असं. सकाळी आर्थर-सान औषधाच्या गुंगीत म्हणाले होते, एकदा रविवारचं नीट जेवण जेवावंसं वाटतं. मार्जी-सान म्हणाल्या, "करते ना, दर रविवारी करतेच." त्यावर डोळे मिटूनच ते म्हणाले, "नाही गं, तुझं छान असतं. मी आईचं म्हणतोय."

"बावीस वर्षं," मार्जी-सान म्हणाल्या, "मी कुणाला जेवू घालत होते, सुप्रभा?"

सुप्रभाने चहा पुढे सरकवला. मार्जी-सान थोडा वेळ रडल्या, मग त्यांनी रुमालाने चेहरा पुसला आणि त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. डॉक्टरांनी येत्या शनिवार-रविवारी घरी न्यायची परवानगी दिली होती. पुन्हा मिळेल की नाही, हे डॉक्टर बोलले नव्हते. जपानी डॉक्टर तसं बोलत नाहीत, नुसते थोडं जास्त वाकतात. म्हणजे एकच रविवार हातात होता.

"तुला येत असेल ना हे?" मार्जी-सानांनी विचारलं. "इंग्रज तुमच्याकडे दोनशे वर्षं होते."

"होते. पण आमच्या स्वयंपाकघरात नव्हते," सुप्रभा म्हणाली. "आमच्याकडे अंडं आलं तेच मी कॉलेजात असताना, आणि तेही मागच्या दाराने."

मार्जी-सान त्याही अवस्थेत हसल्या. मग त्यांनी ओहायोला बहिणीला फोन लावला, चर्चमधल्या अमेरिकन मैत्रिणींना लावला. रोस्ट बीफ सगळ्यांना ठाऊक. ग्रेव्ही ठाऊक, बटाटे ठाऊक. पुढे सगळी बोंब. यॉर्कशायर पुडिंग कुणाला केक वाटलं, कुणाला सॉसेज. पार्सनिप एकीच्या आजीकडे असायचं, पण ते तिने कधी खाल्लेलं नव्हतं. दुधात पाव शिजवून करतात तो ब्रेड सॉस म्हटल्यावर पलीकडून नुसतं हसू आलं, आणि "इंग्लिश जेवणाला काही चव नसते, मार्ज" असा शेरा. आर्थर-सानांची भावंडं एकेक करून गेलेली, त्यामुळे तिकडे विचारायला कुणी उरलं नव्हतं. चंद्रहासने इंटरनेटवरून चार कृती छापून आणल्या. चारही लिहिणारे इतर तिघांना मूर्ख म्हणत होते. आर्थर-सानांनाच विचारावं, तर मार्जी-सान मुळीच ऐकेनात. त्यांना ते जेवण अचानक नवऱ्यापुढे ठेवायचं होतं. राहता राहिलं ते सुप्रभाने गच्चीवर ऐकलेलं.

"एक सांगते," सुप्रभा म्हणाली, "मांसाला मी हात लावणार नाही. चाखणारही नाही. बाकी सगळं करीन."

"मांस माझ्याकडे," मार्जी-सान म्हणाल्या.

आठवडाभर दोघी बाजार पालथा घालत होत्या. कोबेचं गोमांस जगप्रसिद्ध, पण दुकानात मिळतं ते कागदासारखं पातळ कापलेलं. अख्खा तुकडा हवा म्हटल्यावर खाटकाने तीनदा विचारलं, "असाच? न कापता?" पार्सनिप कुठेच मिळालं नाही, तेव्हा गाजरांवर भागवायचं ठरलं. मांसाबरोबर लावायचं हॉर्सरॅडिश, म्हणजे नाकात झोंबणाऱ्या जपानी वासाबीचा चुलतभाऊ, ते बंदराजवळच्या परदेशी मालाच्या दुकानात बाटलीत मिळालं. मार्जी-सानांकडे मोठी भट्टी होती ही देवाचीच कृपा. बाकी सगळ्या इमारतीत शेगडीखालच्या मासे भाजायच्या खणापलीकडे कुणाकडे काही नव्हतं.

शनिवारी आर्थर-सान घरी आले ते थेट पलंगावरच. आणि रविवारी सकाळपासून दोघी स्वयंपाकघरात. दोन बायका एका ओट्याशी उभ्या राहिल्या की पहिला प्रश्न काय विचारायचा, हे सुप्रभाला सासूने शिकवलेलं होतं. तो तिने विचारला.

"मीठ कोण घालणार?"

"मी," मार्जी-सान म्हणाल्या. "सगळ्यात मीच. तेवढं तरी मला येतं."

सुप्रभाने पीठ फेटून ठेवलं, बटाटे सोलले, अर्धवट उकडले. ग्रेव्हीला लावायचं पीठ कालवून ठेवलं. मार्जी-सानांनी मांस मांडीवर बाळ घ्यावं तसं दोन्ही हातांनी उचललं, ट्रेमध्ये ठेवलं आणि मिठाची बरणी काढायला हात वर केला. तेवढ्यात आतून आर्थर-सानांना उलटी झाल्याचा आवाज आला. त्या धावल्या. बराच वेळ आतच होत्या. परत आल्या त्या त्यांनी तडक ट्रे भट्टीत सारला. आता हे जेवण त्यांच्या पोटात जाणार तरी का, हा प्रश्न दोघींच्याही मनात होता.

दुपारपर्यंत घरभर तो वास पसरला. सुप्रभाने नाकाला रुमाल लावला नाही, पण घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घ्यायचं हे मनाशी पक्कं केलं. ट्रेमध्ये उतरलेल्या रसाची मार्जी-सानांनी ग्रेव्ही केली. ती दाट झाली, चकाकायला लागली, आणि त्यांनी चव बघायला चमचा बुडवला.

"अहो, नको!" सुप्रभाच्या तोंडून निघून गेलं.

मार्जी-सान दचकल्या. सुप्रभाही ओशाळली. सवय, दुसरं काय. सणासुदीला ओट्याशी कुणी पळी तोंडाला लावली की तिच्या घरी असंच ओरडत. "आमच्याकडे देवासाठी केलेलं आधी चाखत नाहीत," तिने समजावून सांगितलं. "पहिला घास त्याचा. मग आपण. पण ते आमचं झालं. तुम्ही बघा चव."

मार्जी-सान चमच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. "पहिला घास त्याचा," त्या म्हणाल्या, आणि चमचा त्यांनी तसाच नळाखाली धरला. मग त्यांनी काहीही चाखलं नाही, बटाट्याचा तुकडाही नाही. आणि चाखून कळणार तरी काय होतं? ते कसं लागायला हवं, हे त्या घरात एकाच माणसाला माहीत होतं.

पुडिंगं मात्र फुगली. भट्टीचं दार उघडायचं नाही म्हणून दोघी काचेतून वाकून बघत होत्या, आणि पुरी फुगावी तशी एकेक वर आली तेव्हा मार्जी-सानांनी सुप्रभाचा दंड घट्ट दाबला. सुप्रभाने स्वतःसाठी दोन वेगळ्या साच्यात तेलावर केली होती. तीही फुगली.

आर्थर-सान उशांना टेकून, अंगात धुतलेला शर्ट घालून टेबलाशी बसले. मार्जी-सानांनी आधी नुसतं पुडिंग वाढलं, खळग्यात ग्रेव्ही. आर्थर-सानांनी ताटाकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग सुप्रभाकडे.

"आधी हे," मार्जी-सान म्हणाल्या. "म्हणजे मांस कमी लागतं."

त्यांनी तुकडा कापला, तोंडात घातला, सावकाश चावला. दोघी बायका बघत उभ्या. आर्थर-सानांनी डोळे मिटले.

"हेच ते," ते म्हणाले. "मार्ज, हेच. अगदी आईच्या हातचं."

मार्जी-सान मटकन खुर्चीत बसल्या आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या, आणि रडता रडता हसत होत्या. सुप्रभाला साताऱ्याची ती खिचडी आठवली, आणि वाटलं, चला, एक तरी झालं. आता तिची पाळी. आपल्या साच्यातलं पुडिंग तिने हाताने तोडलं आणि घास घेतला.

त्यात मीठ नव्हतं.

तिला आधी वाटलं, आपल्या दोनांतच राहिलं असेल. पण पीठ एकाच भांड्यातलं. तिने आपला, वेगळा तेलावर भाजलेला बटाटा खाल्ला. त्यातही नव्हतं. मग सकाळची ती बरणी तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि आतून आलेला तो आवाज. कशातच नव्हतं. ना मांसात, ना ग्रेव्हीत. मार्जी-सानही आता खात होत्या. त्या एकदा थांबल्या, कपाळाला बारीक आठी पडली, टेबलावर त्यांची नजर काहीतरी शोधत फिरली, मग नवऱ्याच्या भरभर हलणाऱ्या सुरीवर येऊन थांबली, आणि आठी गेली. त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं त्यांनी काय समजून घेतलं ते. हे असंच असतं तर. इंग्लिश जेवणाला चव नसते म्हणतात, ती ही.

त्या मांस वाढून आणायला आत गेल्या तशी सुप्रभा पुढे वाकली. "आर्थर-सान, मीठ राहिलंय. सगळ्यातच. मी पटकन आणते."

"राहिलंय?" आर्थर-सान म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मला कसं कळणार, पोरी. जीभ गेली माझी. दोन महिने झाले. साबण खाल्ला काय नि केक खाल्ला काय, सगळं ओला पुठ्ठा." ते हळूच हसले. "ती रोज सूप आणते. तिला सांगायचं कसं?"

सुप्रभाला सगळं आठवत गेलं. आठवडाभराची ती पायपीट, तो खाटीक, ती न चाखलेली ग्रेव्ही.

"वास येतो थोडा," ते म्हणाले, तिची समजूत घालायलाच जणू. "वास बरोबर होता. आणि फुगली छान. तिला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"कधीच नाही."

"नाही."

मार्जी-सान ताट घेऊन आल्या. आर्थर-सानांनी हॉर्सरॅडिशची बाटली जवळ ओढली आणि मांसावर भलामोठा गोळा ठेवला. तिखट तेवढं त्यांना कळत असावं, कारण पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. मार्जी-सानांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "आईची आठवण?" आर्थर-सानांनी मान हलवली. मग ज्या माणसाच्या पोटात दिवसाला दोन चमचे सूप राहत नव्हतं, त्याने ते ताट संपवलं. एकेक घास, मधे दम खात, कपाळावर घाम, पण संपवलं. पाव फिरवून ग्रेव्हीही पुसून घेतली. "लव्हली," ते म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांना त्याचा फार त्रास झाला. न्हाणीघराचं दार आतून लावून त्यांनी नळ मोठा सोडून ठेवला होता. पाण्याचा आवाज खालच्या मजल्यावर सुप्रभाला ऐकू येत होता. डोक्यावरून पाणी घ्यायचं ती विसरूनच गेली.

महिनाभराने आर्थर-सान गेले. हॉस्पिटलातच, दुपारी, मार्जी-सान जवळ असताना. नुपूरला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच आपणहून मराठीत बोलली. "आजोबा कुठे गेले?" तिने विचारलं. सुप्रभाला तेव्हा जे रडू फुटलं, ते वडिलांच्या वेळचं राहिलेलंही त्यातच होतं.

मार्जी-सान सावरल्या, आणि कशाच्या जोरावर, तर त्या रविवारच्या. जो भेटेल त्याला सांगायच्या, जिन्यात, चर्चमध्ये, शिकवणीला येणाऱ्या जपानी बायकांना. "बावीस वर्षं मला माहीत नव्हतं. पण शेवटी त्याला त्याच्या आईच्या हातचं मिळालं. अख्खं ताट संपवलं त्याने. सुप्रभा होती तिथे, विचारा तिला." आणि सुप्रभा मान हलवायची. मिठाचं तिने चंद्रहासलासुद्धा सांगितलं नाही.

वर्ष झालं त्या सुमाराला मार्जी-सानांनी ओहायोला परत जायचं ठरवलं. जाण्याआधीच्या रविवारी त्यांनी चर्चमधल्या चार अमेरिकन मैत्रिणींना जेवायला बोलावलं. तेच टेबल, तेच जेवण. सुप्रभा मदतीला लवकर गेली. पीठ फेटताना तिने सासूचा प्रश्न विचारला नाही, बरणी समोर होती, आणि मार्जी-सान आपण होऊन म्हणाल्या, "मीठ नाही हं, आठवतंय ना? मी चारच्या चार कृती पुन्हा वाचल्या. चारही ठिकाणी मीठ आहे. म्हणजे त्याच्या आईचीच ही खास पद्धत असणार. ते कुठेच लिहिलेलं नाही."

सुप्रभाने पीठ तसंच फेटलं.

बायका जेवायला बसल्या. आधी पुडिंग आलं, नुसतं. एकमेकींकडे बघत त्यांनी घास घेतले. त्यांतल्या एकीनेही आयुष्यात ते कधी खाल्लेलं नव्हतं. त्यांच्यातली सगळ्यांत थोरली, मोठ्या आवाजाची बाई, जराशी घुटमळली आणि म्हणाली, "मार्ज, मीठ आहे का गं?"

"नाही," मार्जी-सान म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात असा अभिमान होता की त्या बाईने सुरी खाली ठेवली. "मीठ आपण अमेरिकन घालतो. आर्थरची आई घालत नसे. तुम्हाला फिकं लागेल, मलाही लागलं होतं. पण त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. हेच ते, म्हणाला. हो ना, सुप्रभा?"

सगळ्या सुप्रभाकडे बघायला लागल्या. मिठाची बरणी ओट्यावर, चार पावलांवर होती. मार्जी-सान आता ओहायोला जाऊन दर वर्षी हे असंच करणार होत्या, बहिणीला शिकवणार होत्या, भाच्यांना शिकवणार होत्या, आणि ते चूक आहे हे सांगणारं तिथे कुणीही नव्हतं. एक वाक्य बोललं की जेवण सुधारलं असतं. आणि त्या वाक्याबरोबर तो मिटलेल्या डोळ्यांचा घास गेला असता, आणि त्याच्यामागची बावीस वर्षंही.

"हो," सुप्रभा म्हणाली. "आर्थर-सान म्हणाले होते, अगदी आईच्या हातचं."

मग तिने आपलं तेलावरचं आणखी एक पुडिंग मागून घेतलं, आणि पोटात जागा नसताना तेही संपवलं.